दोन याद्यांचा मेळ

वर्गांत हजेरी घेतांना शिक्षकाच्या हातीं एक यादी असते व समोर बांकांवर मुलें बसलेलीं असतात. यादींतील नांव पुकारलें आणि "हजर" असें उत्तर आलें, म्हणजे तें नांव दोन्ही ठिकाणीं आहे. उत्तर न आलें, तर तें केवळ यादींत आहे. आणि यादी संपल्यावरहि एखादा मुलगा बांकावर उरला, तर तो केवळ वर्गांत आहे, यादींत नाहीं. दोन याद्यांची तुलना म्हणजे ह्या तीन ढिगांची वाटणी होय. पहिलींतच असलेले, दुसरींतच असलेले आणि दोहोंत असलेले, असे हे तीन ढीग. काम इतकें सोपें दिसतें कीं, त्यांत कोणाची चूक होईल असें वाटत नाहीं. आमची झाली, आणि त्या चुकीचा भार आम्हांस नव्हे, एका चौदा वर्षांच्या मुलास सोसावा लागला. म्हणून हा विषय यंदाच्या अंकांत सविस्तर मांडावा असें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींहि तो वाचावा अशी विनंति आहे. कारण ज्या याद्यांविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यांतील पत्ते आतां बहुतेक घरांत येऊन पोंचले आहेत.

प्रथम हा पत्ता म्हणजे काय तें पाहूं. संगणक, मोबाईल, प्रिंटर किंवा भिंतीवरील कॅमेरा, ह्यांपैकीं कोणतेंहि यंत्र जाळ्यास जोडलें कीं त्यास एक अंकरूप पत्ता मिळतो. त्यास आय. पी. पत्ता म्हणतात. आज सर्वत्र परिचित असलेल्या पत्त्याचे नियम सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत चार भाग असतात, मध्यें बिंदु असतात, आणि प्रत्येक भाग ० पासून २५५ पर्यंतचा असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. हें चार भागांचें रूप माणसांच्या सोयीसाठीं आहे. यंत्राच्या दृष्टीनें तो ३२ द्विमान अंकांचा एकच आंकडा आहे. वरील पत्ता एका आंकड्यांत लिहावयाचा झाल्यास ३२३२२३५७८६ असा होईल. ज्यांस गणिताची आवड आहे त्यांनीं १९२ ला २५६ च्या घनानें, १६८ ला २५६ च्या वर्गानें व १ ला २५६ नें गुणून, त्या बेरजेंत १० मिळवून पडताळा पाहावा. असे एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. पृथ्वीवरील माणसांहून हा आंकडा लहान आहे, आणि म्हणूनच मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटून संपले. पुढची सोय म्हणून १२८ द्विमान अंकांचे लांब पत्ते प्रचारांत आले आहेत. त्यांची गोष्ट शेवटीं थोडक्यांत सांगूं.

फेब्रुवारी १९९६ मध्यें आणखी एक व्यवस्था ठरली. पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी जाळ्यांकरितां राखून ठेवण्यांत आले. १९२.१६८ नें आरंभ होणारे सर्व पत्ते त्यांपैकीं एका पट्ट्यांतले होत. प्रत्येक चाळींत दहा नंबरची खोली असते, पण म्हणून सर्व चाळींचीं पत्रें एकमेकांकडे जात नाहींत. त्याचप्रमाणें तुमच्या घरीं आणि आमच्या शाळेंत १९२.१६८.१.१० हा पत्ता एकाच वेळीं असूं शकतो. भिंतीच्या आंत तो खरा, बाहेर त्यास अर्थ नाहीं.

आतां शेल. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाच्या प्रणालीचें काम आरंभिलें. त्या प्रणालींत माणूस जी आज्ञा टंकतो, ती वाचून पुढें पोंचविणारा एक कारकून असतो. त्याचें नांव शेल. शब्दाचा अर्थ कवच. ह्या कारकुनाचे अवतार बरेच झाले. स्टीफन बोर्न ह्यांचा शेल १९७९ सालीं सर्वत्र गेला, आणि त्याच धर्तीवर ब्रायन फॉक्स ह्यांनीं लिहिलेला बॅश १९८९ सालीं बाहेर पडला. आमच्या शाळेंत तोच आहे. रोजच्या रोज त्याच आज्ञा टंकण्यापेक्षां त्या एका फाईलींत ओळीनें लिहून ठेवाव्या आणि "ही फाईल वाच व तसें कर" एवढेंच सांगावें, ही युक्ति म्हणजे शेल स्क्रिप्ट. युनिक्समधील आज्ञा लहान लहान असतात. एक आज्ञा एकच काम करते. १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहावरून एका आज्ञेचें फळ नळींतून दुसरीच्या तोंडांत सोडण्याची सोय झाली, तेव्हांपासून ह्या लहान आज्ञांचें बळ फार वाढलें. (ह्या सर्व आज्ञा रोमन लिपींत टंकाव्या लागतात. येथें आम्ही त्यांचे उच्चार देत आहों.)

आमच्या संगणककक्षाची व्यवस्था अशी होती. आठ संगणक, त्यांस १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.९ पर्यंत पत्ते आम्हीं हातानें नेमून दिलेले. हे आठ पत्ते एका फाईलींत ओळीनें लिहिले होते. तिला आपण मान्य यादी म्हणूं. दिवसभरांत ज्या ज्या पत्त्यावरून इंटरनेटची मागणी झाली, त्यांची नोंद जाळ्याच्या दारावरील यंत्र ठेवीत असे. रात्रीं अकरा वाजतां आमची स्क्रिप्ट चाले. ती नोंदवहींतून पत्ते वेंचून काढी, 'सॉर्ट' ह्या आज्ञेनें त्यांची क्रमवार मांडणी करी, एकच पत्ता शंभरदां आला असेल तर एकदांच ठेवी, आणि ह्या दिसलेल्या यादीची मान्य यादीशीं 'कॉम' ह्या आज्ञेनें तुलना करी. जो पत्ता दिसला पण मान्य नाहीं, तो परका. सकाळीं आमच्या टेबलावर परक्यांची यादी तयार असावी, हा हेतु. सात महिने ती यादी रिकामी येत होती आणि आम्हांस आमच्या कर्तबगारीचें कौतुक वाटत होतें.

२०२३ सालच्या पावसाळ्यांत माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून नववा संगणक आला. तो खिडकीजवळ मांडला, त्यास १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला आणि मान्य यादीच्या शेवटीं ती ओळ जोडली. दुसऱ्याच सकाळीं परक्यांच्या यादींत एक पत्ता आला. तो पाहून आम्हीं असा तर्क बांधिला कीं, कोणीतरी घरचें यंत्र आणून जाळ्यास जोडतो आणि त्यास खिडकीजवळच्या संगणकाचा पत्ता लावतो. खिडकीजवळ शाळा सुटल्यावरहि बसणारा विद्यार्थी एकच होता. नववींतील हा मुलगा संगणकांत गोडी असलेला, प्रश्न फार विचारणारा. आम्हीं त्यास विचारलें. तो नाहीं म्हणाला. दुसऱ्या दिवशीं, तिसऱ्या दिवशींहि पत्ता यादींत होताच. शेवटीं त्याच्या वडिलांस बोलाविलें. ते एस. टी.च्या आगारांत काम करितात. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आले, उभेच राहिले. "सर, पोरगं खोटं बोलत नाहीं," ते म्हणाले, "पण तुमचं यंत्र सांगतंय म्हटल्यावर आम्ही काय बोलावं?" मुलास आठ दिवस संगणककक्षांत येण्याची मनाई झाली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठीं तो जें कांहीं तयार करीत होता, तें त्या आठ दिवसांत अपुरें राहिलें आणि प्रदर्शनाची तारीख निघून गेली.

यंत्र काय सांगत होतें, तें आतां पाहूं. कारण यंत्र खोटें बोललें नव्हतें.

'कॉम' ही आज्ञा दोन याद्यांच्या माथ्यावर एकेक बोट ठेवते असें समजा. बोटांखालील दोन ओळी सारख्या असल्या, तर ती ओळ दोहोंत आहे. दोन्ही बोटें एक एक ओळ खालीं सरकतात. सारख्या नसल्या, तर क्रमानें जी ओळ आधीं येते ती केवळ तिच्याच यादींत आहे असें कॉम ठरविते, आणि तेवढें एकच बोट खालीं सरकतें. असें कां? कारण दुसऱ्या यादींत ती ओळ पुढें कोठें येण्याचा संभवच नाहीं. ती यादी क्रमवार असल्यानें तिचें बोट त्या जागेच्या पलीकडे गेलें आहे. शब्दकोशांत 'कमळ' शोधतांना आपण 'कळस' ह्या शब्दावर आलों, तर पुढचीं पानें उलटीत बसत नाहीं, तसेंच हें. ह्या युक्तीनें प्रत्येक यादी एकदांच वाचावी लागते. दोन्ही याद्या एकेक लाख ओळींच्या असल्या, तर प्रत्येक ओळ प्रत्येकीशीं ताडून पाहण्यास एक हजार कोटि तुलना लागतील. दोन बोटांच्या रीतीनें दोन लाखांच्या आंत काम उरकतें. युनिक्स ज्या यंत्रांवर जन्मास आलें तीं आजच्या मानानें फार मंद व अल्पस्मृतीचीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या काटकसरीचें महत्त्व कळतें.

परंतु ह्या साऱ्या युक्तीचा पाया एका अटीवर आहे: दोन्ही याद्या क्रमवार हव्या, आणि तो क्रम एकच हवा. येथेंच आमचें घोडें अडलें. आपण म्हणतों, २ पेक्षां १० मोठा. बरोबर आहे, पण तो आंकड्यांचा क्रम झाला. सॉर्ट व कॉम ह्यांस, दुसरें कांहीं न सांगितल्यास, आंकडे ठाऊक नसतात. त्यांस केवळ अक्षरें दिसतात. कोशांत जसें पहिलें अक्षर आधीं पाहतात, तें सारखें असलें तर दुसरें, तसाच त्यांचा न्याय. १० ह्याचें पहिलें अक्षर १. २ ह्याचें पहिलें अक्षर २. १ हें २ च्या आधीं येतें. म्हणून १० हा २ च्या आधीं. पुढें किती अक्षरें आहेत ह्याची कोशास पर्वा नसते. तेव्हां कोशक्रमानें लावलेल्या यादींत १९२.१६८.१.१० हा पत्ता १९२.१६८.१.२ च्या वर जाऊन बसतो. तुमच्या घरीं मोबाईलमधील छायाचित्रांस १, २, ३ अशीं नांवें देऊन पाहा. कित्येक यंत्रांत १ नंतर १० दिसेल व २ कोठेंतरी खालीं सांपडेल. तोच हा प्रकार.

मान्य यादी आम्हीं हातानें लिहिली होती: २, ३, ४ असें करीत ९ व शेवटीं १०. दिसलेली यादी मात्र सॉर्टमधून आलेली: वर १०, मग २, ३ आणि शेवटीं ९. (पत्त्याचा आरंभ सर्वत्र सारखा असल्यानें शेवटचाच भाग लिहितों.) आतां बोटें ठेवा. पहिल्या यादीच्या माथ्यावर २, दुसरीच्या माथ्यावर १०. कोशक्रमानें १० आधीं. म्हणून १० हा केवळ दुसऱ्या यादींत, असा कॉमचा निवाडा. दुसरें बोट सरकलें. २ व २ सारखे. ३ व ३ सारखे. असें ९ पर्यंत बिनतक्रार जुळलें. दुसरी यादी संपली. पहिलींत १० उरला. म्हणून १० हा केवळ पहिल्या यादींत, असा दुसरा निवाडा. एकच पत्ता केवळ ह्या यादींत आणि केवळ त्या यादींतहि!

हा विरोध आम्हांस पहिल्याच दिवशीं दिसावयास हवा होता. कॉम आपलें उत्तर तीन स्तंभांत देते: पहिला पहिलींतच असलेल्यांचा, दुसरा दुसरींतच असलेल्यांचा, तिसरा सामाईकांचा. नको असलेल्या स्तंभांचे अंक उणें चिन्हास लागून लिहिले कीं ते गाळले जातात. उणें एक-तीन म्हटलें तर केवळ दुसरा स्तंभ उरतो. आम्हीं तेंच लिहिलें होतें. परके तेवढे पाहावयाचे, बाकीच्यांशीं काय काम, असा आमचा विचार. त्यामुळें पहिल्या स्तंभांत बसलेला तोच पत्ता आमच्या डोळ्यांआड राहिला. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढें आहे. आमच्या संगणकांवरील कॉम ही आज्ञा याद्या क्रमवार नसल्यास तक्रार करते. पहिली फाईल क्रमवार नाहीं, असें ती दर रात्रीं सांगत होती. परंतु तक्रारींनीं आमची टपालपेटी भरूं नये म्हणून आम्हींच स्क्रिप्टमध्यें तक्रारीचे सर्व शब्द शून्यांत टाकण्याची व्यवस्था करून ठेविली होती. आठ संगणक होते तोंवर कांहींच बिघडलें नाहीं, कारण २ पासून ९ पर्यंत आंकड्यांचा क्रम व कोशाचा क्रम एकच असतो. नववा संगणक आला आणि दोन्ही क्रमांची वाट फुटली.

हें शोधून काढलें तें आम्हीं नव्हे. मनाईच्या सहाव्या दिवशीं त्या मुलानें दोन्ही याद्या छापून मागितल्या. वाचनालयांत बसून पेन्सिलीनें त्यानें जोड्या लाविल्या आणि मधल्या सुटींत कागद घेऊन आला. "सर, दहा नंबर दोन्हीकडं आहे. मग यंत्र तो एकीकडंच आहे असं कसं म्हणतं?" आम्हीं म्हटलें, कदाचित् न दिसणारा कांहीं फरक असेल. तो म्हणाला, "मग तिन्ही रकाने छापा ना, सर." छापले. वर सांगितलेला विरोध कागदावर उतरला. त्याच दिवशीं त्याच्या वर्गासमोर आम्हीं आमची चूक सांगितली, आणि त्याच्या वडिलांस भेटावयास आगारांत गेलों. प्रदर्शनाची तारीख मात्र परत आणतां आली नाहीं.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगावीशी वाटते. समजा, पत्ता खरोखर परका असता, तरी तेवढ्यावरून त्या मुलाकडे बोट दाखविण्यास आधार नव्हता. पत्ता यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. बहुतेक घरांत व शाळांत पत्ते हातानें न देतां दारावरील यंत्रच मुदतीनें वांटतें; काल तुमच्या मोबाईलचा असलेला पत्ता उद्यां शेजारच्या पाहुण्याचा होऊं शकतो.

आतां दुरुस्ती कशी केली तें सांगतों. उपाय अगदीं साधा आहे: तुलना करण्याच्या क्षणीं दोन्ही याद्या एकाच सॉर्टमधून काढावयाच्या, मग त्या आधीं कितीहि नीट दिसत असोत. बॅशमध्यें ही सोय फार सुबक आहे. कॉमपुढें फाईलींचीं नांवें देण्याऐवजीं कंसांत सॉर्टची आज्ञाच लिहितां येते, आणि कॉम तिचें फळ फाईल समजून वाचते. मात्र जुन्या धर्तीच्या साध्या शेलमध्यें हें चालत नाहीं. तेथें क्रमवार याद्या तात्पुरत्या फाईलींत ठेवाव्या लागतात. शिवाय कोशक्रम भाषेगणिक बदलतो. संगणकास अमुक देशाची अमुक भाषा असें सांगितलेलें असतें, आणि कांहीं भाषांच्या नियमांत बिंदूसारखीं चिन्हें प्रथम मोजलींच जात नाहींत. सॉर्ट एका नियमानें व कॉम दुसऱ्या नियमानें चालली, तर पुन्हा तोच घोटाळा. म्हणून स्क्रिप्टच्या आरंभींच भाषेचा नियम 'सी' हा, म्हणजे निव्वळ चिन्हांच्या मूळ अनुक्रमाचा, ठरवून द्यावा. यादी वाचणाऱ्यास २ नंतर ३ असा आंकड्यांचा क्रम हवा असेल, तर तो सर्वांत शेवटीं, तुलना झाल्यावर लावावा. सॉर्टला बिंदु हा विभाजक मानून चारहि भाग आंकडे म्हणून पाहण्यास सांगतां येतें.

क्रमाची अट नको असेल, तर 'ग्रेप' ही आज्ञा आहे. केन थॉम्प्सन ह्यांची ही आज्ञा १९७३ सालापासून युनिक्सच्या पोथींत आहे. मान्य यादी तिला नमुन्यांची फाईल म्हणून द्यावी व नमुन्यांशीं न जुळणाऱ्या ओळी मागाव्या. पण येथें चूक उलट्या दिशेनें होते. निरपराध्यास दोष लागण्याऐवजीं खरा परका निसटतो. एक तर ग्रेप ओळीचा तुकडा जुळला तरी समाधान मानते: १९२.१६८.१.२ हा नमुना १९२.१६८.१.२५ ह्या ओळीच्या पोटांत आहेच, म्हणून २५ मान्य ठरतो. दुसरें, ग्रेपच्या भाषेंत बिंदु म्हणजे "येथें कोणतेंहि एक चिन्ह". १०.१.१.५ हा नमुना त्यामुळें १०.१.११५.७ ह्या भलत्याच पत्त्याशीं जुळतो. शेवटच्या बिंदूच्या जागीं १ हा अंक बसून जातो. दोहोंवर इलाज आहेत. लहान लिपींतील 'एक्स' हें अक्षर दिलें कीं संपूर्ण ओळच जुळावी लागते, आणि मोठ्या लिपींतील 'एफ' दिलें कीं बिंदु हा बिंदुच राहतो. दोन्ही द्यावीं. एक देऊन दुसरें विसरणारे पुष्कळ पाहिले आहेत.

'ऑक' ह्या १९७७ सालच्या आज्ञेनेंहि हें काम होतें. ती पहिली यादी स्मृतींत कोष्टक करून ठेवते व दुसरीची प्रत्येक ओळ त्यांत आहे कीं नाहीं तें पाहते. तिची प्रचलित एकओळी रीत सुरेख आहे; परंतु पहिली फाईल रिकामी असली तर दुसरीलाच ती पहिली समजते व कांहींच उत्तर देत नाहीं. म्हणजे मान्य यादी चुकून पुसली गेली, तर सर्व यंत्रें परकीं ठरण्याऐवजीं एकहि ठरत नाहीं! म्हणून फाईल रिकामी नाहीं ना, हें आधीं तपासावें. 'डिफ' ही आज्ञा ह्या कामास घेऊं नये. ती निबंधाच्या दोन प्रतींत कोठें बदल झाला हें दाखविण्याकरितां आहे, आणि एकच ओळ वरून खालीं गेली तरी तिला तो बदलच वाटतो.

न दिसणारा फरक, असें आम्हीं त्या मुलास म्हटलें होतें. त्या दिवशीं तें चूक ठरलें. पण असा फरक खरोखर असतो. विंडोजवर लिहिलेल्या फाईलींत प्रत्येक ओळीच्या शेवटीं दोन चिन्हें असतात, युनिक्सवर एकच. जास्तीचें चिन्ह टंकयंत्राच्या काळचें आहे: गाडी डावीकडे परत न्या, अशी ती खूण. पडद्यावर ती दिसत नाहीं. पण अशी मान्य यादी युनिक्सवरील यादीशीं ताडली, तर एकहि पत्ता जुळत नाहीं; सर्वच परके. 'कॅट' ह्या आज्ञेस मोठ्या लिपींतील 'ए' दिला कीं हीं गुप्त चिन्हें उघडीं पडतात, आणि 'टीआर' ह्या आज्ञेनें तीं काढून टाकतां येतात. ओळीच्या शेवटीं राहिलेली रिकामी जागाहि असाच घात करते.

शून्याचाहि एक घोटाळा आहे. कांहीं लोक सुबकपणासाठीं १९२.१६८.००१.०१० असें लिहितात. अक्षरांच्या तुलनेंत हा निराळा पत्ता झाला. त्याहून वाईट म्हणजे, शून्यानें आरंभ होणारा आंकडा कित्येक आज्ञा अष्टमान पद्धतीचा समजतात; मग ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ. शोभेचें शून्य लिहूं नये. १२८ अंकी लांब पत्त्यांत तर एकच पत्ता अनेक रूपांनीं लिहितां येतो: मधलीं शून्यें गाळून किंवा न गाळतां, अक्षरें लहान लिपींत किंवा मोठ्या लिपींत. ऑगस्ट २०१० मध्यें एक शिफारस प्रसिद्ध होऊन एकच रूप ठरविण्यांत आलें. ज्यांस अशा याद्या ताडावयाच्या आहेत त्यांनीं प्रथम सर्व पत्ते त्या एका रूपांत आणावे. आणि यादींत सुटे पत्ते नसून तिरप्या रेघेनें दाखविलेले पट्टे असतील, म्हणजे १९२.१६८.१.० तिरपी रेघ २४, तर ती एक ओळ २५६ पत्त्यांची आहे. हें सॉर्ट-कॉमच्या ध्यानींमनींहि नसतें. तेथें शेल सोडून पायथन घ्यावा. २०१२ सालच्या त्याच्या आवृत्तीपासून पत्त्यांचें गणित जाणणारा एक विभाग त्यांत आहे.

हल्लीं आमची स्क्रिप्ट नऊ ओळींची आहे. ती मान्य यादी रिकामी नाहीं हें पाहते, गुप्त चिन्हें झाडते, दोन्ही याद्या एकाच नियमानें लाविते व पहिले दोन्ही स्तंभ छापते. तक्रारीचे शब्द आतां शून्यांत जात नाहींत. ते कागदाच्या माथ्यावर येतात. पांच ओळी त्या मुलाच्या हातच्या आहेत. गेल्या जूनमध्यें शाळा उघडली त्या दिवशीं परक्यांच्या स्तंभांत एक पत्ता आला, १९२.१६८.१.४७. ह्या वेळीं कोणास बोलाविण्याआधीं आम्ही कागद घेऊन खोलीखोलींतून हिंडलों. कार्यालयांत हिशेबनीसांच्या टेबलामागें नवा प्रिंटर होता. सुटींत बसविला होता, आणि तो मान्य यादींत लिहावयास आम्हीच विसरलों होतों.